अंटार्क्टिकाला जायच्या आधी औली

अंटार्क्टिकातल्या भारताच्या मैत्री स्टेशनवर हिवाळा काढायचा म्हणजे वीस-पंचवीस माणसं, महिनोन्‌महिने तेच चेहरे, जवळपास दोन महिने सूर्य उगवतच नाही आणि कोणाशी पटलं नाही म्हणून उठून घरी जावं तर समुद्र गोठलेला, विमानं बंद. त्यात शास्त्रज्ञ, डॉक्टर, कुक, मेकॅनिक असे सगळे, बरेचसे आधी एकमेकांना ओळखतही नसतात! या मोहिमा गोव्यातली, म्हणजे वास्कोची, एनसीपीओआर ही ध्रुवीय संशोधनाची सरकारी संस्था पाठवते, आणि जायच्या आधी या लोकांना मेडिकल झाल्यावर उत्तराखंडात औलीला आयटीबीपीच्या, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या, जवानांकडे ट्रेनिंगला जावं लागतं.

आता नावाला हे बर्फाचं ट्रेनिंग. पण मला विचाराल तर खरा फायदा वेगळाच आहे, दमल्यावर कोण चिडतो, कोण एकदम गप्प होतो, पाय दुखतोय हे कोण लपवतो, हे तिथे दिसतं, ऑफिसात चहा पिताना नाही दिसत. एका दोराला बांधलेले असलात की सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या स्पीडनेच सगळ्यांना चालावं लागतं, आणि त्याने "थांबा" म्हणायला लाजून चालत नाही.

युरोपची स्पेस एजन्सी तर 2011 पासून वेगवेगळ्या देशांच्या अंतराळवीरांना चक्क गुहेत उतरवते, सुरुवात झाली इटलीच्या सार्डिनिया बेटावर. थंडी, ओल, मिट्ट काळोख, नकाशे काढायचे, नमुने गोळा करायचे, आणि मग बसून बोलायचं की आज काय जमलं, कुठे गोंधळ झाला. याला डिब्रीफ म्हणतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण टॅनेनबॉम आणि सेरासोली या दोघा संशोधकांनी 2013 मध्ये यावरचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले तर नीट डिब्रीफ करणाऱ्यांची कामगिरी सरासरी 20 ते 25 टक्के सरस निघाली. मात्र कोणाची चूक ते शोधत बसलं की माणसं खरं बोलणंच सोडतात, मग कसला डिब्रीफ.

आणखी एक गंमत, बेक्टेल आणि बर्निंग या संशोधकांनी 1991 मध्ये मांडलं की मोहिमेचा अर्धा काळ सरला की मूड बिघडायला लागतो, कारण अर्धं झालं तरी अजून तेवढंच बाकी. हे सगळीकडे दिसतंच असं नाही, पुढच्या अभ्यासांत उलटसुलट निघालंय. पण तेव्हा भांडण होईल ते भांडी कोणी घासायची यावरूनच, त्यामुळे ती पाळी औलीतच लावून घेतलेली बरी.