सगळ्या गावानं एकाच दिवशी रक्त दिलं की मे महिन्यात काय होतं

मे महिना लागला की दरवर्षी पेपरात तीच बातमी येते, विदर्भात रक्ताचा तुटवडा, रक्तदात्यांनी पुढे यावं. आणि त्यावर कोणीतरी म्हणतंच की लोकांना आता कशाचं काही राहिलं नाही. मला हे अजिबात पटत नाही. आपल्याकडे १४ एप्रिलला गावोगावी शिबिरं होतात, पोट्टे सकाळपासून रांगेत उभे असतात. माणसं आहेत हो, घोळ तारखांचा आहे! आणि तो घोळ समजून घ्यायचा तर पिशवीत गेल्यावर रक्ताचं काय होतं ते आधी बघावं लागतं.

शिबिरात पिशवी जरा जवळून बघा, ती रिकामी नसतेच. ३५० मिलीच्या नेहमीच्या पिशवीत आधीपासून ४९ मिली द्रव असतो, त्यात सायट्रेट, फॉस्फेट, ग्लुकोज आणि अ‍ॅडेनीन. सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि कॅल्शियम मोकळं नसलं की रक्त गोठत नाही. ही युक्ती १९१४ मध्ये माणसांवर पहिल्यांदा वापरली गेली, त्याआधी दाता आणि पेशंट शेजारी शेजारी झोपवूनच रक्त द्यावं लागायचं. ग्लुकोज ही पेशींची शिदोरी.

आता खरी गंमत. तांबड्या पेशीत केंद्रक नसतं आणि ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रियाही नसतात, म्हणजे जन्मभर ऑक्सिजन वाहणारी ही पेशी स्वतः मात्र ऑक्सिजन वापरतच नाही. ती ग्लुकोज अर्धवट तोडून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनवते आणि मागे लॅक्टिक आम्ल उरतं. शरीरात ते आम्ल रक्तासोबत वाहून जातं, पिशवीत कुठे जाणार, तिथेच साचतं. आम्ल वाढलं की ग्लुकोज तोडणारी एन्झाइम्स मंदावतात, मग एटीपी कमी पडतं, म्हणून तर २ ते ६ अंशांवर ठेवतात की सगळा कारभारच हळू व्हावा, पण थंडीत पेशीच्या आवरणातले सोडियम-पोटॅशियमचे पंपही थंडावतात आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं. एटीपी उतरलं की आवरणाची लवचिकता जाते, छान तबकडीसारखी पेशी आधी काटेरी होते, मग गोल आणि ताठ. २,३-डीपीजी नावाचा एक रेणू हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला लावतो, तो तर पहिल्या दोन आठवड्यांतच जवळपास संपतो, पण पेशंटच्या अंगात गेल्यावर परत तयार होतो. ताठ पेशीचं तसं नाही, ती प्लीहेच्या, म्हणजे पोटातल्या रक्त गाळणाऱ्या अवयवाच्या, बारीक फटींमधून जाऊ शकत नाही आणि तिथेच मोडीत निघते. रक्त चढवल्यावर २४ तासांनी निदान ७५ टक्के पेशी टिकल्या पाहिजेत, असा निकष आहे. त्यावरून या द्रवातल्या रक्ताला ३५ दिवसांची मुदत मिळाली. पेशी वेगळ्या करून दुसऱ्या द्रवात ठेवल्या तर ४२ दिवस, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी मात्र फक्त ५ दिवस.

दुसरं घड्याळ दात्याच्या अंगात चालतं. ३५० मिली रक्तासोबत दीडशे मिलीग्रॅमच्या आसपास लोह जातं. पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, पेशी काही आठवड्यांत, लोहाला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून पुरुषांना ३ महिने आणि बायांना ४ महिने थांबायला सांगतात.

आता हिशोब करा. १४ एप्रिलला सगळ्या गावानं रक्त दिलं, त्या पिशव्यांची मुदत १९ मेला संपली, आणि त्यातले पुरुष परत चालतील १४ जुलैला, बाया त्याच्याही महिनाभर नंतर. मधले जवळपास आठ आठवडे फ्रीजही रिकामा आणि गावात रक्त देऊ शकणारा माणूसही नाही! त्यात कॉलेजं बंद, लग्नसराई, ऊन ४५ अंशांवर. त्याच गावानं पुरुषांचे तीन आणि बायांचे चार गट करून दर महिन्याला त्यातला एकेक गट बसवला तर तेवढ्याच माणसांत पिशवी कायम मिळते.

"उन्हाळ्यात रक्त देल्लं त अंगात गरमी चढते ना बा," हे वाक्य मी बायाबापड्यांकडून ऐकलंय आणि शिकल्यासवरल्यांकडूनही. नाही चढत. उन्हात पाणी कमी पडून चक्कर येऊ शकते, त्यासाठी आधी पाणी प्यायचं, सावलीत बसायचं, त्या दिवशी वावरात जायचं नाही, बस. पुरुषाची ताकद जाते वगैरे तर निव्वळ थापा आहेत.

दुसरा गाजावाजा ड्रोनचा. रवांडात २०१६ पासून ड्रोननं रक्त पोचवतात, काम खरंच भारी आहे, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतलं भामरागड कसं तुटतं हे माहीत असणाऱ्याला त्याची किंमत कळेल. पण ड्रोन पिशवी आणतो, रक्त नाही बनवत. त्याच्याआधी ग्रामीण रुग्णालयातलं ब्लड स्टोरेज सेंटर नीट चालायला हवं, म्हणजे फ्रीजला चोवीस तास लाईट पाहिजे, आणि मुदत जवळ आलेली पिशवी वेळेत मोठ्या दवाखान्यात परत गेली पाहिजे, तिथे ती वापरली जाते, इथे पडून वाया जाते.

गरज कमी करणं हाही तुटवड्यावरचाच उपाय आहे, त्याचं बोलणं फार होत नाही. आपल्याकडे सिकलसेलचे पेशंट खूप आहेत, हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित मिळालं तर त्यांना रक्त चढवायची वेळ कमी येते. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन सातव्या महिन्याआधीच तपासून लोह सुरू केलं तर बाळंतपणात दोन पिशव्यांची धावपळ बऱ्याचदा टळते.

तर या वर्षी शिबिराचं बॅनर छापायच्या आधी जिल्ह्याच्या रक्तपेढीत एक फोन लावा आणि विचारा, मागच्या साली कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या रक्तगटाचं रक्त संपलं होतं, आणि तारीख त्याच्या दहा-बारा दिवस आधीची धरा.