रायचूरच्या काळ्या जमिनीचे मोल

कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्यामधला रायचूरचा दुआब चौदाव्या शतकाच्या मध्यापासून दोनशे वर्षांहून अधिक काळ आधी विजयनगर व बहमनी आणि नंतर विजयनगर व विजापूरची आदिलशाही यांच्या ओढाताणीत सापडला होता. ‘सुपीक प्रदेश’ एवढे म्हणून या भांडणाचे कारण सांगितले जाते आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भाताची हिरवी खाचरे उभी राहतात. पण आज तेथे दिसणारी खाचरे बहुतांशी विसाव्या शतकात बांधलेल्या तुंगभद्रा धरणाच्या पाण्यावरची आहेत. एरवी हा मुलूख अवर्षणप्रवणच. वर्षाचा पाऊस सरासरी ६०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा.

तेथील खरी दौलत होती ती काळ्या मातीत. या मातीतील चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण पाणी शोषून फुगतात आणि वाळले की आक्रसतात. म्हणूनच उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात खोलवर मुरलेली ओल ही जमीन पुढे कित्येक आठवडे धरून ठेवते, आणि पाऊस थांबल्यावर वापसा आला, म्हणजे जमीन पेरण्याजोगी सुकली, की केवळ त्या ओलीवर रब्बीची ज्वारी, हरभरा व कापूस उभा राहतो. पाटाचे पाणी नसतानाही पीक हाती लागण्याची शक्यता इथे इतर कोरडवाहू जमिनींपेक्षा जास्त होती, आणि शेतसाऱ्यावर चालणाऱ्या राज्याला खात्रीच्या पिकाइतके दुसरे काही मोलाचे नव्हते.

ज्वारीचे दाणे माणसांना, कडबा बैलांना. दुआबातल्या तांबड्या, हलक्या रानात येणारा कुळीथ दक्षिणेत घोड्यांचे नेहमीचे खाद्य होता. घोडे मात्र अरबस्तान आणि इराणकडून समुद्रमार्गे, रोख पैसे मोजून आणावे लागत, आणि तो पैसा मुख्यतः जमिनीतूनच उभा राही. विजयनगरचे नायक आपल्याला नेमून दिलेल्या मुलखाच्या उत्पन्नावर फौज बाळगत, तर बहमनी वजीर महमूद गावानने तरफांची, म्हणजे प्रांतांची, संख्या ४ वरून ८ केली, जमिनीची मोजणी करवली आणि प्रत्येक तरफेतला काही मुलूख खालसा, म्हणजे थेट सुलतानाच्या वसुलीखाली, आणला. सरदारांना हे रुचणे शक्यच नव्हते. १४८१ मध्ये त्यांच्या कारस्थानात गावानचा शिरच्छेद झाला.

दुआबात हट्टीच्या सोन्याच्या खाणी होत्या, रायचूर आणि मुदगलचे किल्लेही होते, त्यामुळे सगळे श्रेय मातीला देता येणार नाही. तरीही १५२० मध्ये कृष्णदेवरायाने इस्माईल आदिलशहाकडून रायचूर जिंकले, तेव्हा किल्ल्याबरोबर भोवतालच्या रानांचा साराही त्याच्या हाती आला.