डेबियनचे एन्जिनएक्स आणि प्रकल्पाचे एन्जिनएक्स

एन्जिनएक्स हे संकेतस्थळे पुरवणारे वेब सर्व्हर सॉफ्टवेअर. डेबियन १२ या लिनक्स प्रणालीवर ‘एपीटी’ या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाला ‘एपीटी इन्स्टॉल एन्जिनएक्स’ असा आदेश दिला की डेबियनच्या भांडारातले, म्हणजे ऑनलाइन सॉफ्टवेअर-साठ्यातले, पॅकेज येते. एन्जिनएक्स बनवणाऱ्या प्रकल्पाचे स्वतःचे भांडार आधी जोडलेले असेल, तर त्याच आदेशाने बहुधा प्रकल्पाचे पॅकेज येते, कारण दोन्ही भांडारांचे प्राधान्य सारखे असल्यास एपीटी वरची आवृत्ती निवडते.

सर्वाधिक गैरसमज या आवृत्तीवरूनच होतात. जून २०२३ मध्ये डेबियन १२ आले तेव्हा त्यात एन्जिनएक्स १.२२.१ होते, आणि प्रकल्प मात्र एप्रिलमध्येच १.२४ वर गेला होता. तेवढ्यावरून डेबियनचे पॅकेज असुरक्षित ठरत नाही. सुरक्षेची त्रुटी उघड झाली की डेबियनचे देखभालकर्ते नवी आवृत्ती न आणता फक्त त्या त्रुटीची दुरुस्ती जुन्या कोडवर बसवतात आणि पॅकेजच्या क्रमांकामागे ‘डेब१२यू१’ अशी खूण जोडतात. नुसता १.२२.१ हा आकडा वाचणारी तपासणीची साधने दुरुस्त झालेल्या सर्व्हरलाही धोकादायक ठरवतात. अशा अहवालावरून भांडार बदलण्याआधी पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची नोंद) आणि डेबियनचा सुरक्षा ट्रॅकर (कोणती त्रुटी कुठे दुरुस्त झाली याची यादी) पाहायलाच हवा.

रचनाही वेगळी आहे. डेबियनचे पॅकेज संकेतस्थळांच्या मांडणीसाठी ‘साइट्स-एनेबल्ड’ निर्देशिका वापरते आणि ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या वापरकर्त्याच्या नावाने चालते. प्रकल्पाचे पॅकेज ‘कॉन्फ.डी’ वाचते आणि त्याचा वापरकर्ता ‘एन्जिनएक्स’ असतो. चालत्या सर्व्हरवर अदलाबदल करताना प्रकल्पाची नवी मुख्य कॉन्फिग फाइल स्वीकारली, तर ती ‘साइट्स-एनेबल्ड’ वाचत नसल्याने जुनी संकेतस्थळे दिसेनाशी होतात, आणि डेबियनची वेगळी मॉड्यूल (जोड-सुविधा) पॅकेजे प्रकल्पाच्या बांधणीत लोडच होत नाहीत.

शिवाय पॅकेजच्या स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे यंत्रावरच्या सर्वोच्च, अधिकाराने चालतात, म्हणजे भांडार जोडणे हा संपूर्ण यंत्राबाबतचा विश्वास असतो.

नागपुरातल्या मिहान या उद्योगक्षेत्रातल्या मोठ्या कंपनीकडे सर्व्हर सांभाळणारा चमू असू शकतो. तिथल्याच धंतोली भागातल्या छोट्या रुग्णालयाची ऑनलाइन नोंदणी चालवणारा सर्व्हर मात्र इतर कामांतून वेळ काढणाऱ्या एकाच माणसाच्या हाती असेल, तर तिथे डेबियनचेच पॅकेज असावे, असे माझे ठाम मत आहे, कारण दुरुस्त्या येत राहतात आणि वागणूक बदलत नाही. एचटीटीपी/३ (वेब-संवादाची नवी पद्धत) खरोखरच हवे असेल, तर गोष्ट वेगळी: ते १.२५ पासून आले, त्यामुळे डेबियन १२ वर प्रकल्पाचे भांडार घ्यावे लागते. तेव्हा ‘प्रेफरन्सेस.डी’ या एपीटीच्या निर्देशिकेमध्ये त्याचे प्राधान्य स्पष्ट लिहावे, आणि पॅकेज नेमके कुठून येणार हे प्रत्येक अद्ययावतीकरणाआधी ‘एपीटी-कॅश पॉलिसी’ने पडताळावे.