प्रिन्स फिलिप यांच्या फटकळपणाची पार्श्वभूमी

1960 साली ब्रिटनच्या जनरल डेंटल कौन्सिलपुढे भाषण करताना राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप यांनी ‘डॉन्टोपेडॉलजी’ नावाच्या एका शास्त्राचा उल्लेख केला. नको ते बोलून फसणाऱ्याने स्वतःचाच पाय तोंडात घातला, असे इंग्रजीत म्हणतात. त्या वाक्प्रचाराला दातांच्या डॉक्टरांना शोभेल असे भारदस्त नाव देऊन, आपण या शास्त्राचा बरीच वर्षे अभ्यास करत आहोत, अशी कबुलीही त्यांनी दिली. जिभेला हाड नसल्याची त्यांची ख्याती तेव्हाच इतकी पसरलेली होती की त्यांना स्वतःला तिच्यावर विनोद करता येत होता.

या स्वभावाचे मूळ राजवाड्यात शोधून सापडत नाही. 1921 साली ग्रीसच्या कॉर्फू बेटावर जन्मलेल्या या राजपुत्राला पुढच्याच वर्षी कुटुंबासह देश सोडावा लागला आणि ब्रिटिश युद्धनौकेवरून नेताना त्याला फळांच्या खोक्यात निजवले होते. पुढे आई मनोरुग्णालयात, वडील फ्रान्सच्या किनाऱ्यावर, बहिणी लग्न होऊन जर्मनीत, अशी घराची पांगापांग झाली. उरली ती निवासी शाळा आणि नंतर ब्रिटिश नौदल. अधिकाऱ्यांच्या भोजनगृहातली, एकमेकांना टोचून बोलण्याची भाषा त्यांनी तिथेच उचलली असावी. 1947 साली राजकन्या एलिझाबेथ यांच्याशी विवाह झाला आणि 1952 साली त्या राणी झाल्यावर फिलिप यांची नौदलातली कारकीर्द संपुष्टात आली. राणीच्या पतीला राज्यघटनेत काही कामच नेमून दिलेले नसते. मुलांना आपले आडनाव लावता येत नाही हे कळल्यावर ‘मी नुसता अमीबा आहे’ असे ते संतापून म्हणाल्याचे सांगतात.

पुढची सहा दशके त्यांच्या वाट्याला कोनशिला, रांगेत उभे असलेले पाहुणे आणि बावरलेले यजमान आले. अवघडलेपणा घालवण्यासाठी ते काहीतरी खोचक बोलत आणि पुष्कळदा समोरचा हसेही. पण तेच वाक्य दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आले की त्यातला आवाज आणि चेहरा गळून जाई. अर्थात, सगळा दोष छपाईच्या माथी मारता येणार नाही. 1986 च्या चीन दौऱ्यात त्यांनी ब्रिटिश विद्यार्थ्यांना, इथे फार दिवस राहिलात तर तुमचेही डोळे बारीक होतील, असे सांगितले. 2002 साली ऑस्ट्रेलियात एका आदिवासी पुढाऱ्याला, तुम्ही अजून एकमेकांवर भाले फेकता का, असे विचारले. ही वाक्ये कोणत्याही आवाजात म्हटली तरी बोचणारीच आहेत.

भारतीयांच्या स्मरणात राहिला तो प्रसंग तर विनोदाचा नव्हताच. ऑक्टोबर 1997 मध्ये राणीने जालियनवाला बागेत पुष्पचक्र वाहिले, त्या वेळी तिथल्या फलकावरचा सुमारे दोन हजार हुतात्म्यांचा आकडा पाहून फिलिप यांनी तो फुगवलेला असल्याचे म्हटले, त्यात जखमीही धरले असावेत अशी पुस्ती जोडली आणि आपण जनरल डायरच्या मुलासोबत नौदलात होतो, हा दाखला दिला. इंग्रज सरकारने मृतांचा आकडा 379 सांगितला होता आणि भारतीय बाजूने तो कधीच मानला गेला नाही. त्यामुळे या वादात मारेकऱ्याच्या मुलाची ओळख पुढे करणे भारतीयांना झोंबले, यात नवल नाही. दोनच वर्षांनी, एडिंबराजवळच्या एका कारखान्यात विजेच्या फ्यूजची ओबडधोबड पेटी पाहून, ती एखाद्या भारतीयाने बसवली असावी, असे ते बोलून गेले, तेव्हा राजवाड्याला दिलगिरी व्यक्त करावी लागली.

2017 साली, वयाच्या 96 व्या वर्षी, 22,219 स्वतंत्र कार्यक्रम उरकून त्यांनी सार्वजनिक कामातून निवृत्ती घेतली. त्याच वर्षी गणितज्ञ मायकेल अतिया यांनी, तुम्ही ‘स्टँड डाउन’ होत आहात, म्हणजे निवृत्त होत आहात, याचे वाईट वाटते, असे म्हटल्यावर फिलिप यांनी त्यातला ‘स्टँड’ (उभे राहणे) तेवढा उचलला आणि आता फार वेळ उभेही राहवत नाही, असे उत्तर दिले.