रोजगार-नोंदींची देवाणघेवाण (अमेरिका)

एका कामासाठी सरकारदरबारी जमा झालेल्या नोकरी-पगाराच्या नोंदी सांख्यिकी व संशोधनासाठी दुसऱ्या संस्थेला देण्याची पद्धत. अमेरिकेत तिचा मुख्य आधार बेरोजगारी विमा हा आहे. १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून उभी राहिलेली ही योजना राज्ये चालवतात आणि मालक दर तिमाहीला प्रत्येक कामगाराच्या पगाराचे विवरण राज्याकडे भरतात.

ही नोंद अगदी त्रोटक असते : कामगाराचा सोशल सिक्युरिटी क्रमांक (सरकारने प्रत्येक व्यक्तीला दिलेला ओळख क्रमांक), मालकाचा खाते क्रमांक, तीन महिन्यांची मिळकत. काम किती तास केले, हे बहुतेक राज्ये विचारत नाहीत. कंपनीच्या शाखा अनेक असतील तर माणूस नेमका कुठल्या शाखेत बसतो, तेही कळत नाही. मिनेसोटा हा ठळक अपवाद. स्वयंरोजगार करणारे तर यात येतच नाहीत. तरीही नोंदी जोडल्या की त्यांचे मोल कितीतरी वाढते. ओहायोतली परिचारिका इंडियानात नोकरीला लागली, की ओहायोच्या दप्तरातून ती नुसती नाहीशी होते. तिचे काम सुटले की तिला अधिक पगाराचे काम मिळाले, हे दोन्ही राज्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्याशिवाय समजणार नाही.

हे जोडकाम जनगणना ब्युरोच्या ‘एलईएचडी’ (लाँजिट्यूडिनल एम्प्लॉयर-हाउसहोल्ड डायनॅमिक्स) या, मालक व कामगार यांच्या नोंदी जोडणाऱ्या कार्यक्रमात होते. राज्ये करार करून नोंदी देतात. केंद्र सरकारच्या नोकरदारांची माहिती कार्मिक व्यवस्थापन कार्यालयाकडून येते. सोशल सिक्युरिटी क्रमांक काढून त्याजागी सांकेतिक क्रमांक घातला जातो आणि प्रसिद्ध होणाऱ्या आकड्यांत मुद्दाम किंचित फरक मिसळला जातो, म्हणजे एखाद्या छोट्या कारखान्याचा पगार कुणाला ताडता येऊ नये. माहिती फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि २,५०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ही कडक शिस्त अनाठायी नाही. कामगाराने किंवा मालकाने ही माहिती विम्यासाठी दिलेली असते, संशोधनासाठी नव्हे.

खरा तिढा संस्था-संस्थांमधला आहे. २००२च्या कायद्याने जनगणना ब्युरो, कामगार सांख्यिकी ब्युरो आणि आर्थिक विश्लेषण ब्युरो यांना उद्योगांची माहिती आपसांत वाटून घेण्याची मुभा दिली. करगोपनीयतेचा कायदा मात्र तसाच राहिला. जनगणना ब्युरोच्या उद्योगसूचीत करविवरणांतली माहिती मिसळलेली असल्याने कामगार सांख्यिकी ब्युरोला ती पूर्णपणे पाहता येत नाही. परिणामी एकाच देशातल्या उद्योगांच्या दोन सूच्या दोन संस्था वेगवेगळ्या सांभाळतात, आणि एकच आस्थापना दोन सूच्यांत वेगवेगळ्या उद्योगाखाली नोंदलेली आढळते.