सुतार पक्ष्याची जीभ आणि कपाळ

माडावर सोनपाठी सुतार ठकठक करत वर सरकताना दिसला की कुणीतरी हमखास सांगतं, ‘त्याची जीभ मेंदूला गुंडाळलेली असते, म्हणून त्याचं डोकं दुखत नाही.’ यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. दुसरं मात्र चार पक्ष्यांच्या कवट्या शेजारी ठेवल्या की टिकत नाही.

कोंबडीच्या जिभेत एक बारीक हाड असतं. त्याला मागे दोन काड्या फुटतात आणि कवटीच्या मागच्या बाजूला वळून संपतात. सुतार पक्ष्यात याच काड्या पुढे वाढत जातात. जबड्याखालून मागे, डोक्यामागून वर, माथ्यावर एकमेकींना खेटून, मग कपाळावरून खाली. युरोपातल्या हिरव्या सुतारात त्या थेट उजव्या नाकपुडीपर्यंत पोचतात. हा सगळा प्रवास कवटीच्या बाहेरून, कातडीखालून होतो. मेंदूला जीभ शिवतसुद्धा नाही. स्नायू आवळले की काड्या पुढे सरकतात आणि चिकट जीभ भोकातल्या अळीपर्यंत जाते. काम एवढंच.

जिभेचा हा वळसा डोकं सांभाळणारा पट्टा असता, तर तो ठोकणाऱ्यांनाच हवा होता. पण हमिंगबर्डच्या जिभेची हाडंही कवटीला असाच वळसा घालतात, आणि तो मुख्यतः फुलांतला मध पितो. आपल्याकडे हिवाळ्यात येणारी मानमोडी सुतारांचीच भाऊबंद. ती मुंग्या टिपते, आयत्या ढोलीत घरटं करते, लाकूड फोडण्याच्या भानगडीत पडत नाही. तरी जीभ लांबच लांब. उलट अमेरिकेतला सॅपसकर हा सुतार झाडाला भोकं पाडून रस चाटतो, त्याची जीभ मात्र कुळातल्या इतरांपेक्षा आखूड.

खरा फरक कपाळात दिसतो. लाकूड फोडणाऱ्या सुतारांत कपाळाचं हाड चोचीच्या मुळावर छज्जासारखं पुढे आलेलं असतं. मुख्यतः जमिनीवर मुंग्या शोधणाऱ्या फ्लिकर या अमेरिकी सुतारात हा छज्जा जेमतेम, मानमोडीत नाहीच.

याच भागातल्या जाळीदार हाडाला बरीच वर्षं ‘शॉक अॅब्सॉर्बर’ म्हटलं गेलं, त्यावरून हेल्मेटच्या कल्पनाही निघाल्या. २०२२ साली बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठाच्या सॅम व्हान वासेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी तीन जातींच्या सहा सुतारांचं अतिवेगवान चित्रण केलं. हाड धक्का शोषत असतं, तर चोच लाकडावर थांबते तेव्हा डोळ्याजवळचा भाग उशिरा, सावकाश थांबायला हवा होता. तसं झालं नाही. चोच आणि कवटी जवळजवळ एकाच झटक्यात थांबली. विचार केला तर हे उघडच आहे: हातोड्याला स्प्रिंग लावून कोणता सुतार खिळा ठोकेल? धक्का डोक्यातच मुरला, तर लाकूड कसं फुटणार?

मग मेंदू वाचतो कसा? लहान आहे म्हणून. गच्च भरलेल्या लोकलला ब्रेक लागला की सगळ्यांत पुढच्या माणसावर मागच्या अख्ख्या रांगेचा भार येतो. रांग तिघांचीच असेल तर तो सहज पेलतो. मेंदूतला दाबही असाच, मागे किती ऐवज आहे त्यावर वाढतो. आपला मेंदू सव्वा किलोच्या वर, सुताराचा काही ग्रॅमचा. त्याच संशोधकांच्या गणितानुसार त्याला मेंदूचा मार लागायला आतापेक्षा साधारण दुप्पट वेगाने चोच हाणावी लागेल.