लाल बटण एकदाच दाबा

अमेरिकेत तेल जाळून ऊब मिळवणारी बहुतेक घरं ईशान्य भागात आहेत. मेन राज्यात तर निम्म्याहून जास्त. मॅसॅच्युसेट्स किंवा कनेटिकटमध्ये जुनं घर घेणाऱ्या मराठी माणसाला तळघरातल्या तेलावरच्या बॉयलरची, म्हणजे पाणी तापवून घर उबदार ठेवणाऱ्या यंत्राची, खरी ओळख होते ती पहिल्या हिवाळ्यात, आणि बहुधा तो बंद पडल्यावरच.

बर्नरवर, म्हणजे बॉयलरच्या तेल पेटवणाऱ्या भागावर, एक लाल बटण असतं, हात आपसूक तिकडे जातो. पण ते सुरू करायचं बटण नव्हे. यंत्राने सुरक्षिततेसाठी स्वतःला लावून घेतलेलं कुलूप ते उघडतं. कुलूप का लागलं, हा खरा प्रश्न.

हीटिंग ऑइल म्हणजे जवळपास डिझेलच, करमुक्त असल्याची खूण म्हणून लाल रंगवलेलं. ते सहजासहजी पेटत नाही, कारण खोलीच्या तापमानाला त्याची पुरेशी वाफच होत नाही. म्हणून पंप ते १०० ते १४० पीएसआय दाबाने नॉझलच्या बारीक छिद्रातून फवारतो आणि १०,००० व्होल्टची ठिणगी तो फवारा पेटवते. पंप आणि हवेचा पंखा एकाच मोटरवर फिरतात. आपल्याकडच्या पंपाच्या स्टोव्हशी याचं नातं आहे, पण पिन मारायची सवय मात्र इथे आवरावी. छिद्र जरा ओरखडलं तरी फवारा वाकडा होतो, त्यामुळे नॉझल साफ करत नाहीत, सरळ बदलतात.

ज्योत पेटली की नाही हे पाहायला कॅडमियम सल्फाइडचा छोटा डोळा असतो. अंधारात त्याचा विद्युतरोध लाखभर ओहमच्या वर, ज्योतीच्या उजेडात दीड हजाराच्या आसपास किंवा त्याहून कमी. मॉडेलप्रमाणे १५ ते ४५ सेकंदांत उजेड दिसला नाही, की सगळं बंद. हेच ते कुलूप. उलटही होतं: ज्योत नसताना डोळ्यावर बाहेरचा उजेड पडला, तर बर्नर सुरूच होत नाही.

आता हिशेब करा. तासाला ३.२ लिटरचं नॉझल ४५ सेकंदांत ४० मिलीलिटर तेल फवारतं. बटण पाच वेळा दाबलंत तर २०० मिलीलिटर तेल आत साचलं. सहाव्यांदा ठिणगी पडली की ते एकदम भडकतं, आणि काजळी घरभर. म्हणून एकदाच दाबायचं. आधीच जास्त वेळा दाबलं असेल तर पुढे काहीही न करता तंत्रज्ञाला बोलवावं आणि आकडा खरा सांगावा.

पण बटणाआधी साध्या गोष्टी. तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी बॉयलरचा लाल पट्टीचा स्विच असतो, तो दिव्याचा समजून कोणीतरी बंद केलेला असतो. हे हास्यास्पद वाटेल इतकं नेहमीचं आहे. मग ब्रेकर, थर्मोस्टॅटचे (खोलीचं तापमान सांभाळणाऱ्या भिंतीवरच्या यंत्राचे) सेल, आणि टाकीतलं तेल. टाकीवरचा तरंगता काटा अडकला तर बिनदिक्कत खोटं सांगतो, शेवटची भरती कधी झाली तेही आठवून पाहा.

एवढं झाल्यावर बटण दाबा आणि कान द्या. काहीच आवाज नाही: वीज किंवा थर्मोस्टॅटकडून हुकूमच पोचत नाही. मोटर नुसती घुमते, फिरत नाही: मोटर गेली किंवा पंप जाम. मोटर फिरते पण आग नाही: तेल किंवा ठिणगी. पेटून अर्ध्या मिनिटात विझते: बहुधा डोळ्यावर काजळी, नाहीतर तेलाच्या नळीत हवा.

टाकी कोरडी पडल्यावर हवा शिरतेच. तातडीला पेट्रोल पंपावरचं साधं डिझेल ओतलं तरी चालतं, पेट्रोल मात्र कधीही नाही. मग बर्नरच्या पंपावरच्या ब्लीडरला, म्हणजे हवा काढायच्या छोट्या स्क्रूला, पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत सोडतात, ३/८ इंची पान्याने तो सैल करतात आणि बर्नर चालू करतात. आधी फुसफुस, मग फेस, मग अखंड धार. धार स्वच्छ झाली की ब्लीडर घट्ट. तरीही तेल येत नसेल तर टाकीच्या तळाचा गाळ फिल्टरमध्ये अडकलेला असतो.

टाकी घराबाहेर असेल तर कडाक्याच्या थंडीत तेलातलं मेण गोठून नळी तुंबते. अशा घरांत हिवाळ्याआधीच तेलात रॉकेल मिसळून घेतात.